तुळशीरामच्या हाताचा सौदा

बैलाचा सौदा तोंडाने होत नाही, हाताने होतो. ज्यांनी गुरांचा बाजार पाहिलेला नाही त्यांना हे आधी सांगावं लागतं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात. एकाच्या उपरण्याखाली दोघांचे उजवे हात जातात. वरून फक्त कापड हलताना दिसतं. एक बोट पूर्ण धरलं तर एक, पेरापाशी धरलं तर अर्धा, पाचही बोटं मुठीत आली तर पाच. दहाई की शेकडा एवढंच तोंडाने बोलायचं. बाकी सगळं आत. चेहरा असा ठेवायचा की जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालू आहे. भोवती वीस माणसं उभी असतात, त्यांना भाव कळता कामा नये. जो हा धंदा करतो त्याला आमच्याकडे हेडी म्हणतात, आणि ते काही मानाने म्हणत नाहीत. नवे पैसे आले, शेर जाऊन किलो आला, पण उपरण्याखालची बोटं तशीच राहिली.

मी हा धंदा अकोला, अकोट, बडनेरा या बाजारांत तीस वर्षं केला. सुरुवातीला दुसऱ्याचे बैल पायी हाकत नेत होतो, अंगावर एक बंडी होती. शेवटी माझ्या स्वतःच्या दावणीला एका वेळी चाळीस बैल उभे राहिले. शाळा दोन यत्ता. पण उपरण्याखाली हात घातला की समोरचा कशासाठी बैल विकतोय ते मला त्याच्या तळव्यावरून कळायचं. घाम कुठे सुटतो, बोट कधी सैल पडतं, हे मी वाचायला शिकलो. पुस्तक वाचणाऱ्यांची मला त्यामुळे कधी असूया वाटली नाही.

हे आज लिहिण्याचं कारण असं की बडनेऱ्याच्या बाजारात अजूनही दोन-चार माणसं म्हणतात, किसन हेड्याने तुळशीरामला मारलं. तोंडावर म्हणत नाहीत. माझा हात सुटतो हे त्यांना ठाऊक आहे. पण पाठीमागे म्हणतात, आणि ते मला लागतं. झालं ते सगळं इथे लिहितो. ज्याला बोलायचं असेल त्याने वाचून बोलावं.

तुळशीराम माझ्यासारखाच हेडी. अकोल्याचा, जुन्या शहरातला. उंच, काटक, डोक्याला पागोटं, अंगात अर्ध्या बाहीची बंडी, आणि बोलायला माझ्यापेक्षा शहाणा. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास आम्ही पहिल्यांदा एकमेकांसमोर उभे राहिलो. मी उपरण्याखाली त्याचं बोट धरलं आणि झटकन हात बाहेर काढला. त्याच्या हाताला सगळीकडे मसुरीची डाळ चिकटवल्यासारखं काहीतरी लागलं होतं.

"काहून रे, विंचू चावला का?" तो म्हणाला. सगळे हसले.

मग त्याने हात उघडा करून दाखवला. चामखिळी. बोटांच्या पाठीवर, मनगटावर, कोपरापर्यंत, मानेवर, कपाळावर. काही चपट्या, काही टोकदार. म्हणाला, "लहानपणापासून हायेत. माह्या भावाच्या अंगावर बी हायेत. मायले नाई लागल्या, बायकोले नाई लागल्या. तुलेच काय लागते?"

मी पुन्हा हात घातला. नसता घातला तर बाजारात माझी इज्जत गेली असती. त्या दिवसापासून आमचं वैर आणि दोस्ती एकदमच सुरू झाली.

चामखीळ आम्हाला नवी नव्हती. बैलाला ती होते. मानेवर, डोळ्याभोवती, आणि एकाला झाली की त्याच दावणीच्या दुसऱ्याला होते. कासरा, खरारा, काय फिरतं कोण जाणे. चामखिळीचा बैल पडत्या भावाने जातो, म्हणून हेडी घोड्याच्या शेपटीचा केस तिच्या मुळाशी आवळून बांधतात. ती सुकून गळते. बाकी राहिली तर बिब्ब्याचं तेल. मी स्वतः एक चामखिळीचा बैल असा साफ करून अमरावतीच्या एका वकिलांना विकला होता. त्या वकिलांनी विकत घेताना माझी उलटतपासणी घेतली होती. बैलाचा बाप कोण, आई कोण, आधी कुठे नांगराला होता, मी शपथेवर सांगायला तयार आहे का. मी सगळं सांगितलं आणि शपथेलाही "हो साहेब" म्हटलं. दोन महिन्यांनी बैलाच्या मानेवर पुन्हा झुपका आला आणि ते बाजारात येऊन मला म्हणाले, ही साक्ष खोटी होती. मी म्हटलं, साहेब, चामखिळीबद्दल तुम्ही विचारलंच नव्हतं. ते परत गेले. त्या वेळी मला फार हुशार वाटलं होतं.

तर चामखीळ म्हणजे एक ओंगळ पण निरुपद्रवी वस्तू, गळते, पुन्हा येते, कोणी मरत नाही, एवढंच ज्ञान. तुळशीराम स्वतःच स्वतःची थट्टा करायचा. म्हणायचा, "लोकं बैलाच्या चामखिळी लपवतात, मी माह्या उघड्यावर फिरवतो. मले कोनी घेत नाई, हाच फायदा."

दहा वर्षं असं चाललं. मग त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाला चिंधी आली.

कासऱ्याने सोललं, म्हणाला. हेड्याचे हात कासऱ्याने सोलतातच. बैल उधळला की दोरी मुठीतून सर्रकन निघते आणि कातडी घेऊन जाते. माझ्याही हाताला अशा चार खुणा आहेत. त्यामुळे कोणी विचारलं नाही. मी तर त्याला सांगितलं की बिब्बा लाव, आणि त्याने लावला. पुढच्या बाजाराला चिंधी मोठी झाली. आम्ही त्यावरही हसलो.

आता जे लिहितो ते आजवर घरातही बोललो नाही.

उपरण्याखाली त्या बोटाला माझा हात लागला की तुळशीराम किंचित दचकतो, हे मी पहिल्याच वेळी हेरलं. दचकला की त्याचं लक्ष मोडतं. लक्ष मोडलं की तो लवकर सौदा तोडतो, म्हणजे माझ्या भावाला हो म्हणतो. मग मी मुद्दाम ते बोट धरायला लागलो. आकडा सांगायला चिंधीचंच बोट का, दुसरं का नाही, हे विचारायला तो तोंड उघडणार नव्हता. उघडलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की त्याला दुखतं, आणि ज्याचं दुखतं त्याला बाजार सोडत नाही. दोन वर्षं मी त्या बोटाच्या जोरावर त्याच्याकडून बैल घेतले. मला यात काही वावगं वाटलं नाही. कुणी उधारीवर दाबतो, कुणी अडचणीवर दाबतो, मी बोटावर दाबत होतो.

चीनची लढाई होऊन गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, बडनेऱ्याला, तुळशीरामकडे उमरडा जातीची एक बैलजोडी होती. तांबूस रंग, पांढऱ्या खुणा, चारदाती, चालीला वाऱ्यासारखी. ती मला हवीच होती. माझं पांढरं उपरणं, वैशाखाचं ऊन, दुपारची वेळ. मी आत हात घातला, शेकडा म्हटलं, आणि ते बोट चांगलं आवळून धरलं.

तो ओरडला नाही. त्याच्या तोंडाचा रंग मात्र मातीसारखा झाला. "ने," एवढंच म्हणाला आणि हात काढला. लोकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी उपरणं खांद्यावर टाकायला उचललं तर ते ओलं होतं. रक्त होतं, पण नुसतं रक्त नव्हतं. मी हात नाकाशी नेला.

तो वास मला माहीत होता. बैलाचं शिंग मुळाशी सडतं, तेव्हा तोच वास येतो. बैल डोकं एका बाजूला धरतो, शिंग हळूहळू वाकतं, आणि आत पाहिलं तर कोबीच्या गड्ड्यासारखं मांस उगवलेलं असतं. गुरांचे डॉक्टर त्याला शिंगाचा कॅन्सर म्हणतात. असा बैल हेडी पाहून न पाहिल्यासारखा करतो आणि पुढे जातो.

मी पुढे गेलो नाही, एवढं माझ्या बाजूने लिहितो. तुळशीराम लिंबाच्या झाडाकडे चालला होता, त्याला गाठलं, मनगट धरलं आणि चिंधी ओढून काढली. बोटाच्या मुळाशी, हाताच्या पाठीवर, रुपयापेक्षा मोठी जागा उघडी होती. कडा वर उचललेल्या, दगडासारख्या घट्ट. मधे लाल, खडबडीत, आणि हात हलला की भळभळ. कासऱ्याने असं होत नाही हे दोन यत्ता शिकलेल्यालाही समजेल. या जागेला मी दर बाजारी हात लावत होतो आणि माझी बोटं एवढी शहाणी असून त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं होतं, आणि मला फक्त भाव ऐकू आला.

दवाखान्यात यायला तो तयार नव्हता. म्हणाला, पावसाळा लागला की सुकते. मी शिव्या दिल्या. मग शेवटचा डाव टाकला. म्हटलं, आला नाहीस तर आत्ता इथे उभा राहून सगळ्या बाजाराला ओरडून सांगतो की तुळशीरामचा हात सडला आहे, मग बघू तुझ्याशी उपरण्याखाली कोण हात घालतो. त्याने चिंधी पुन्हा गुंडाळली. त्याच दिवशी आम्ही टांगा करून अमरावतीला गेलो.

अमरावतीला चामडीचे एक डॉक्टर नुकतेच आले होते. तरुण, पुण्याकडचं बोलणं, प्रत्येकाला "अहो" म्हणायचे. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, बंडी काढा.

दहा-बारा वर्षांत मी तुळशीरामला बंडीशिवाय पाहिलं नव्हतं. त्याने ती काढली आणि मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. बाहीची जिथे शिवण यायची तिथे त्याच्या दंडावर रेघ होती, सुताराने दोरी मारून आखावी तशी. रेघेच्या वर, छातीवर, पाठीवर चामखिळीच चामखिळी, तांबूस चट्टे, पण सगळं कोरडं आणि गप्प, लहानपणी असेल तसं. रेघेच्या खाली मात्र खपल्या, भेगा, जाड झालेल्या काळपट पुटकुळ्या, आणि हातावर ती जखम. मानेवरही तसंच. बंडीच्या गळ्यापर्यंत शांत, त्याच्या वर बिघडलेलं. कपाळावर पागोट्याची रेघ. डॉक्टर बोटाने त्या रेघेवरून फिरत होते, जणू नकाशा वाचत होते. एकच माणूस, एकच कातडी, आणि जिथे कापड संपतं तिथे रोग सुरू होतो.

"घरात अजून कोणाला?" डॉक्टरांनी विचारलं.

भाऊ होता, सखाराम. तुळशीरामपेक्षा दोन वर्षांनी मोठा. जुन्या शहरात एका बोळात शिवणकाम करायचा. डॉक्टरांनी जखमेचा एक तुकडा काढून तपासायला नागपूरला पाठवला, आणि पुढच्या खेपेला भावाला आणा म्हणाले. दहा दिवसांनी आम्ही तिघे गेलो. सखारामने सदरा काढला. तीच चामखीळ, तेच चट्टे, कपाळापासून पायापर्यंत. पण जखम कुठेही नाही. जन्मभर मशीनपुढे, छपराखाली बसलेला माणूस.

नागपूरचा निकाल आला होता. कॅन्सर.

मी डॉक्टरांना म्हटलं, मला समजेल असं सांगा, मी बैलाचा माणूस आहे. त्यांनी सांगितलं ते मला जसं आठवतं तसं लिहितो. चामखीळ एका विषाणूने होते, डोळ्याला न दिसणाऱ्या जंतूने. माणसाची वेगळी, बैलाची वेगळी, एकाची दुसऱ्याला लागत नाही. बहुतेकांना ती होते आणि जाते. क्वचित एखाद्या घराण्यात कातडीत काहीतरी कमी असतं, तिथे ती जात नाही, अंगभर मुक्काम करते. अशा माणसांच्या ज्या चामखिळी वर्षानुवर्षं उन्हात राहतात त्या पुढे कॅन्सरकडे जातात असं दिसतं. आपल्या काळ्या कातडीला उन्हाने सहसा हा रोग होत नाही, म्हणून त्यांना स्वतःलाही धक्का बसला होता. पण विषाणू एकटा करतो, की ऊन, की दोघं मिळून, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

"म्हणजे बी आत, अन् ऊन वरून," मी म्हटलं.

"तसं म्हणता येईल," ते म्हणाले. "पण डॉक्टर असं म्हणाले म्हणून कुठे सांगू नका. शक्यता आहे, इतकंच."

मग त्यांनी भाव सांगितला. मला त्या वेळी तो भावच वाटला. मनगटापासून हात काढावा लागेल. त्यांचे एक सर्जन मित्र होते, ते करतील. "बहुतेक तेवढ्याने भागेल," ते म्हणाले.

तुळशीराम बाकावर बसला होता. म्हणाला, "हात गेला तं मी बाजारात काय करू? डाव्या हातानं सौदा होते का?"

होत नाही. डावा हात उपरण्याखाली कोणी घेत नाही. अपशकुन मानतात. उजवा हात गेलेला हेडी म्हणजे गळा गेलेला गवई. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "किसनभाऊ, तू बोल."

माझा वैरी मला म्हणाला, तू बोल. बाजारात माझा यापेक्षा मोठा मान कधी झाला नाही.

मी बोललो. मी डॉक्टरांच्या तोंडचं ते "बहुतेक" आधीच टिपून ठेवलं होतं. बोलताना ते अडखळले होते, आणि जो अडखळतो त्याच्या भावात जागा असते, हे मी बाजारात शिकलो होतो. विचारलं, नक्की पसरलंय का? म्हणाले, नक्की सांगता येत नाही. काखेत गाठ आहे का? आज हाताला लागत नाही. मग दोन बोटं काढली तर भागणार नाही असं लिहून द्याल का? असं लिहून कसं देता येईल, म्हणाले. प्रत्येक उत्तराला मी एक पाऊल पुढे सरकत होतो. ते खरं सांगत होते म्हणून त्यांना जोर लावता येत नव्हता. मला खऱ्याची सवय नव्हती. मला वाटलं, माणूस सैल पडला.

शेवटी मी उठलो. तुळशीरामला खांद्याला धरून उठवलं आणि दाराकडे चालायला लागलो. हा सगळ्यात जुना डाव आहे. जो आधी पाठ फिरवतो तो जिंकतो. उंबऱ्यापाशी पोहोचलो आणि मागून आवाज आला, "थांबा."

प्रत्येक हेडी आयुष्यभर या एका शब्दासाठी जगतो.

ठरलं ते असं: अंगठ्याजवळची दोन बोटं आणि त्यांच्या मुळाचा तळहाताचा भाग काढायचा, बाकी हात ठेवायचा. दर महिन्याला दाखवायला यायचं. पूर्ण बाहीचा सदरा घालायचा, मानेला कापड, उन्हात हिंडायचं नाही. हे सांगताना डॉक्टर माझ्याकडे नाही, तुळशीरामकडे बघत होते. "मी अजूनही मनगटच म्हणतो," असं एकदा पुन्हा म्हणाले. मी ते ऐकलं नाही. सौदा तुटल्यावर पहिला भाव कोण ऐकतो? जिना उतरताना माझी छाती अशी फुगली होती की उमरडा जोडी घेतल्यावरही फुगली नव्हती. मी दोघा भावांना जिलबी खाऊ घातली आणि पुढच्या बाजारी सगळ्यांना सांगितलं की डॉक्टरने हात मागितला होता, मी दोन बोटांवर आणला. लोक वा म्हणाले. आज जे मला खुनी म्हणतात, त्यातले दोघे त्या दिवशी वा म्हणणाऱ्यांत होते. त्यांची नावं मी लिहीत नाही, पण विसरलो नाही.

जखम भरली. तुळशीराम पूर्ण बाहीचा सदरा घालून बाजारात आला तेव्हा लोक त्याला साहेब म्हणून चिडवायचे. तीन बोटांनी तो सौदा करायला शिकला. अंगठ्याला पाच धरायचं असं त्याने ठरवलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. बाजाराला दयामाया नसते असं म्हणतात, पण तीस वर्षांत एका माणसासाठी बोटांची भाषा बदललेली मी तेवढी एकदाच पाहिली. मी त्याच्याशी सौदे करणं मात्र टाळू लागलो. त्याच्या हाताला हात लावायला नको वाटायचं.

तीन महिने तो डॉक्टरांकडे गेला. मग पोळ्याची खरेदी आली, मग रब्बीच्या पेरणीची. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. दिवाळीच्या आधी एका बाजारी तो म्हणाला, काखेत सुपारीएवढं काहीतरी लागून राह्यलं. मी सौदा टाकून त्याला घेऊन निघालो. अमरावतीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी काख चाचपली आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढे मुंबईला न्यायचं ठरलं, ते ठरता ठरता ती सुपारी लिंबाएवढी झाली, आणि मग ठरवण्यासारखं काही राहिलं नाही.

शेवटच्या दिवसांत मी त्याच्या घरी जाऊन बसायचो. एकदा घरातली माणसं बाहेर होती तेव्हा मी सगळं ओकलो. उपरण्याखाली त्याच बोटाला मुद्दाम धरत होतो, हे सांगितलं. त्याने डोळे उघडले.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "बोट दाबाच्या नादात तू बैल पाहत नाईस. दोन वर्षं तुले वाईट बैल देले मी. त्या उमरडा जोडीतला उजवा बैल पाह्य ना, पावसाळ्यात लंगडते."

तो खरंच लंगडत होता. मला हसू आलं आणि ते मधेच अडकलं. मग मी दुसरी गोष्ट काढली, मनगटाची. म्हटलं, मी तुझा हात वाचवायला गेलो.

त्याने आपला तीन बोटांचा हात पाहिला. मग म्हणाला, "सौदा तू चांगला केला, किसनभाऊ. मालच खराब होता."

होळीच्या आधी तो गेला.

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बाजाराने मला दोष दिला तो मी एक वेळ सोसला, पण त्याने दिला नाही, याचा राग मला अजून आहे. आणि राग कुठेतरी काढायचा म्हणून मी तेराव्यानंतर अमरावतीला डॉक्टरांवर चालून गेलो. दवाखान्यात माणसं बसली होती. मी सगळ्यांसमोर विचारलं, "मी अडाणी बोलून राह्यलो होतो, तुमी कावून ऐकलं माह्यं? तुमी शिकलेले ना?"

त्यांनी मला आत नेलं आणि दार लावलं. त्यांचा चेहरा पाहून माझा आवाज खाली आला. म्हणाले, असा रोगी त्यांनी आयुष्यात पहिलाच पाहिला होता. पुस्तकात दोन पानं होती. विषाणूचं काय, उन्हाचं काय, किती वेगाने पसरतं, कोणालाच नीट माहीत नाही. "मला खात्री असती तर तुम्ही दारातून गेला असतात तरी मी मागे आलो असतो. खात्री नव्हती. ती नव्हती हे मी लपवलं नाही. माझं तेवढंच चुकलं का, हे मी रोज स्वतःला विचारतो." मग म्हणाले, "तुम्ही दाराकडे वळलात तेव्हा मला वाटलं, तो आता कुठेच जाणार नाही, हातासकट मरेल. दोन बोटं तरी निघू देत. म्हणून थांबा म्हटलं."

मी ज्याला सैल पडणं समजलो ते हे होतं. त्यांना किंमत माहीत नव्हती आणि त्यांनी तसं सांगितलं. मला माहीत नव्हती आणि मी घासाघीस केली.

निघताना ते म्हणाले, त्याच्या भावाला दरवर्षी घेऊन या. मी तो शब्द पाळला. सखाराम कुरकुर करायचा, पण यायचा. तिसऱ्या वर्षी त्याच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली दिसली. डॉक्टरांनी विचारलं, उन्हात जाता का? तो म्हणाला, कुठी जातो साहेब, दुकानातच असतो. मग खोदून विचारलं तेव्हा निघालं की दिसायला कमी झालं म्हणून काही वर्षांपासून तो दुपारनंतर ओट्यावर बसून काजं-बटणं करायचा, आणि उतरतं ऊन बरोबर डाव्या बाजूने यायचं. डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं. तुकडा तपासून आला. तेच निघालं, पण अगदी सुरुवातीचं.

"कानाचा वरचा अर्धा भाग काढू," डॉक्टर म्हणाले. "कदाचित थोडा कमीही चालेल, पण..." आणि अडखळले.

ती अडखळ मला ऐकू आली. सखारामलाही आली. त्याने कानाला हात लावला आणि म्हणाला, "साहेब, चष्मा कुठी अडकवू? सुईत दोरा कसा जाईन? चष्म्यापुरता तरी ठेवा." डॉक्टर काही बोलायच्या आधी तो माझ्याकडे वळला. "किसनभाऊ, तुमी बोला ना. तुमाले येते बोलता."

माझ्या तोंडात दहा गोष्टी आल्या होत्या. कमी चालेल असं त्यांनी स्वतःच म्हटलं होतं, तिथून सुरुवात करता आली असती, आणि दार तीन पावलांवर होतं.

"डॉक्टर म्हणतात तेवढा दे," मी म्हटलं.

"अन् चष्मा?"

"दोरीनं बांधू."

सखारामने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, माझ्या हातात दिला आणि डॉक्टरांच्या मागे आत गेला.